मनगट पडलंय, दंडात प्लेट आहे: नस तुटली की दबली, हे कुठल्या तपासणीत कळतं?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या धाकट्या भावाची, वय 28, मोटारसायकल रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून प्लेट बसवली. हाड छान जुळतंय, पण मनगट आणि बोटं वर उचलत नाहीत. याला आता 10 आठवडे झाले. हाडांचे डॉक्टर म्हणतात थांबा, येईल. घरचे डॉक्टर म्हणतात एमआरआय करा. फिजिओ म्हणतो ईएमजी करा. आणि पाहुणे म्हणतात, इथं काही खरं नाही, थेट बेंगळुरू नाहीतर पुणे गाठा. तर कुठली तपासणी करायची, कुठं करायची, आणि आत्ता की नंतर?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मग. येत्या आठवड्यात दंडातल्या रेडियल नसेची, म्हणजे मनगट आणि बोटं वर उचलायला लावणाऱ्या नसेची, हाय-रिझोल्यूशन सोनोग्राफी करून घ्या, आणि तिच्यासोबत ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नस-स्नायूंची विजेची तपासणी. एमआरआय आत्ता नको. प्लेटमुळे नेमका हवा तोच भाग त्यात काळा दिसेल आणि पैसे जातील. यासाठी बेंगळुरूही नको. बेळगावात, किंवा निपाणीकडच्या लोकांना जवळ पडणाऱ्या कोल्हापूर-मिरजेत, नसांची सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट आहेत. फोन करताना ‘हाताची सोनोग्राफी’ असं मोघम विचारू नका. ‘रेडियल नर्व्हची सोनोग्राफी तुम्ही स्वतः करता का’ असं विचारा. मी बेळगावात बरीच वर्षं रेडिओलॉजी करतो आणि हातापायांच्या नसा बघणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. नस म्हणताना मी मज्जातंतूबद्दल बोलतोय, रक्तवाहिनीबद्दल नाही.

तुमचे हाडांचे डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात तेही चुकीचं नाही. दंडाचं हाड मोडलेल्या साधारण दहापैकी एका रुग्णात रेडियल नस दुखावते आणि त्यातल्या बहुतेकांची आपोआप बरी होते. प्रश्न उरतो तो ‘बहुतेकां’त तुमचा भाऊ आहे की नाही, एवढाच. हे नुसतं थांबून कळतं खरं, पण कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

नस दुखावते म्हणजे तीनपैकी एक गोष्ट होते. सेडन या इंग्लिश सर्जननी 1943 मध्ये ही विभागणी मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. पहिल्या प्रकारात नस शाबूत असते, नुसता संदेश अडतो. तो काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सुरू होतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण बाहेरचं आवरण टिकून असतं. मग वरून नवे धागे त्याच आवरणातून खाली वाढत येतात, रोज साधारण 1 मिलिमीटर. तिसऱ्यात नस आवरणासकट तुटते. ती आपली आपण जोडली जात नाही, कितीही थांबा. पुढे 1951 मध्ये सुंदरलँडनी याच्या पाच पायऱ्या केल्या. चौथी पायरी आम्हाला सगळ्यात जास्त डोकेदुखी देते: नस बाहेरून सलग दिसते, पण आत सगळा व्रण भरलेला असतो आणि धागे पलीकडे जाऊ शकत नाहीत.

आता घड्याळ बघा. स्नायूला नसेचा संदेश मिळाला नाही तर तो हळूहळू वाळतो, त्यात चरबी भरते, आणि साधारण 12 ते 18 महिन्यांनंतर नस येऊन पोचली तरी तो उठत नाही. दुसरीकडे नस रोज 1 मिलिमीटरच चालते. दंडाच्या मधोमध मार असेल तर तिथून पहिल्या स्नायूपर्यंतचं अंतर 8 ते 10 सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीन महिने, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे नस जागची हलतच नाही. म्हणून 10 आठवड्यांत हालचाल नाही यावरून लगेच निराश होऊ नका. पण नस तुटलेली असेल तर हेच 10 आठवडे वाया गेलेत आणि पुढचे आठ महिनेही जातील. आज नस सलग आहे की नाही एवढं कळलं, तर थांबणंही डोळसपणे होईल.

मग ईएमजीनंच का कळत नाही? ईएमजी-एनसीव्ही ही विजेची तपासणी आहे. नसेतून संदेश जातो का आणि स्नायू काय उत्तर देतो, ते ती सांगते. 1850 मध्ये वॉलर या ब्रिटिश संशोधकांनी बेडकाची नस कापून दाखवलं की कापलेल्या जागेच्या पुढचा तुकडा लगेच मरत नाही, काही दिवस घेत विरघळत जातो. माणसाचंही तसंच. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा पहिले तीन-चार दिवस, संवेदनेचे धागे तर आठवडा-दहा दिवस, विजेला चक्क उत्तर देतात. स्नायूत सुई घातल्यावर दिसणारी नस तुटल्याची खूण यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून अपघातानंतर चौथ्या दिवशी केलेली ईएमजी फसवी ठरू शकते. तीन-चार आठवड्यांनी करावी. तुम्ही त्या मुदतीच्या पुढे आहात, म्हणजे आता केली तर ती खरी माहिती देईल.

पण ती काय सांगेल? पहिला प्रकार आणि पुढचे दोन यातला फरक ती चोख सांगते. दुसरा आणि तिसरा यातला फरक सांगू शकत नाही. धागे आवरणाच्या आत तुटलेले असोत की नस मधोमध कापलेली असो, ईएमजीत दोन्ही सारखंच दिसतं: उत्तर शून्य. महिनोन्‌महिने ईएमजीचे एकामागून एक रिपोर्ट घेऊन लोक येतात, सगळ्यांवर तेच ‘सिव्हिअर’ लिहिलेलं, आणि नस सलग आहे का हे एकानंही पाहिलेलं नसतं. हे पाहून मला फार वाईट वाटतं. ही उणीव चित्र भरून काढतं. ईएमजीला नसेचं काम कळतं, सोनोग्राफी आणि एमआरआयला तिचा आकार. यातलं एकच घेऊन निर्णय करू नये.

आता सोनोग्राफीविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की लोकांना पोट आणि गरोदरपण एवढंच आठवतं. नसांसाठी वेगळा प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचा भाग, लागतो: सरळ, लांबट तोंडाचा, 12 ते 18 मेगाहर्ट्झचा. पोटाचा 3-5 मेगाहर्ट्झचा प्रोब खोलवर बघतो, पण त्याला बारकावा दिसत नाही. हा जास्त मेगाहर्ट्झचा प्रोब खोल जात नाही, पण त्वचेखालच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये तो 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआयलाही मागे टाकेल इतकं बारीक दाखवतो. निरोगी नस आडवी पाहिली की कोयत्यानं सपाट छाटलेल्या उसासारखी दिसते: फिकट गाभा आणि त्यात काळे ठिपके. ते काळे ठिपके म्हणजे धाग्यांचे जुडगे आणि फिकट भाग म्हणजे त्यांच्यामधलं आवरण. नस दुखावली की आधी हे ठिपके फुगतात, मग एकमेकांत मिसळून सगळी नस एकसारखी काळी आणि जाड होते.

तुमच्या भावाची तपासणी मी कशी करीन ते सांगतो. हात पोटावर ठेवून त्याला झोपवायचं. सुरुवात मार लागलेल्या जागेपासून करायची नाही. तिथं व्रण, गाठी, टाके असा सगळा गोंधळ असतो आणि नस ओळखूच येत नाही. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायूंच्या फटीत रेडियल नस हमखास सापडते. तिथं तिला पकडायचं आणि प्रोब आडवाच ठेवून, तिला नजरेआड होऊ न देता, एकेक सेंटीमीटर वर सरकायचं. कोपराच्या वर साधारण 10 सेंटीमीटरवर ती एका पडद्यातून आरपार मागच्या बाजूला जाते, ही धोक्याची जागा. दंडाच्या खालच्या तिसऱ्या भागातलं पिळवटलेलं फ्रॅक्चर असेल तर नस इथंच अडकते. 1963 मध्ये होलस्टीन आणि लुईस यांनी याकडे लक्ष वेधलं, म्हणून त्या फ्रॅक्चरला त्यांचं नाव आहे. आणखी वर गेलं की नस हाडाला टेकून वळसा घेते. तिथं तिच्या सोबत एक धमनी चालते. डॉपलर लावला की धमनी रंगात दिसते आणि तिच्या शेजारची नस ओळखायला सोपी जाते. मग हेच सगळं डाव्या, चांगल्या हातावर करायचं. दुसरा हात न बघता दिलेल्या रिपोर्टवर माझा फारसा विश्वास नसतो, कारण नसेची जाडी माणसागणिक बदलते.

प्लेट सोनोग्राफीत कशी दिसते? एक पांढरीशुभ्र सरळ रेघ, त्यावर स्क्रूच्या डोक्यांचे उंचवटे, आणि खाली सगळा अंधार. प्लेटच्या खालचं काही दिसत नाही, पण वरचं सगळं स्वच्छ दिसतं. दंडात मागून प्लेट बसवली असेल तर नस साधारणपणे प्लेटच्या वरून ओलांडून जाते. ती तशी जाताना दिसली, ठिपके दिसले, जाडी थोडीच वाढलेली असली, तर तुमच्या डॉक्टरांचं ‘थांबा’ बरोबर आहे आणि तुम्हाला शांत झोप लागेल. नस प्लेटच्या कडेपर्यंत येऊन गडप झाली आणि पलीकडच्या कडेला पुन्हा उगवली, तर ती खाली दबलेली असू शकते, आणि मग थांबण्यात अर्थ नाही. तुटलेली असेल तर वरच्या टोकाला कांद्यासारखी गोल गाठ येते, तिला न्यूरोमा म्हणतात. त्या गाठीवर प्रोबनं हलकं दाबलं तर रुग्ण दचकतो आणि ‘करंट गेला’ म्हणतो. खालचं टोक बारीक आणि मागे ओढलेलं असतं. दोन टोकांमधलं अंतर मोजून रिपोर्टमध्ये सेंटीमीटरमध्ये लिहायचं, कारण त्यावरच सर्जन ठरवतात की टोकं थेट शिवता येतील की पायाच्या मागच्या सुरल नसेचा तुकडा काढून ग्राफ्ट लावावा लागेल. नव्या हाडाच्या गाठीत नस गुंतलेली असेल तर तेही दिसतं.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. नस सलग आहे पण मध्ये फुगलेली, काळी, ठिपके नसलेली, म्हणजे ती सुंदरलँडची चौथी पायरी असेल, तर तिच्यातून धागे पलीकडे जातील की नाही हे एका सोनोग्राफीत सांगता येत नाही. एमआरआयलाही ते नक्की सांगता येत नाही. अशा वेळी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि ईएमजी करून तुलना करायची. आणि सर्जननी उघडलंच तर टेबलावर नसेला थेट वीज लावून संदेश पलीकडे पोचतो का ते बघायचं. रिपोर्टमध्ये याबद्दल ठामपणे ‘बरी होईल’ किंवा ‘होणार नाही’ लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याला जरूर विचारा की हे कशावरून.

आणखी एक. लोक म्हणतात, डॉक्टर, तुम्ही मशीन घेऊन वॉर्डात या ना, पेशंटला हलवायला त्रास होतो. आपल्या देशात सोनोग्राफीचं मशीन गर्भलिंग निदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली नोंदलेलं असतं, ते मनात आलं तेव्हा उचलून कुठंही नेता येत नाही. हा कायदा का झाला हे सगळ्यांना माहीत आहे आणि तो हवाच. त्यामुळे रुग्णानंच यावं लागतं, आणि गावाकडून येणाऱ्यांना त्याची धावपळ होते. एकाच फेरीत सोनोग्राफी आणि ईएमजी दोन्ही होतील अशी वेळ आधी ठरवून निघा.

आता एमआरआय. तो मला कमी महत्त्वाचा वाटतो असं समजू नका. नसांसाठी खास केलेल्या एमआरआयला एमआर न्यूरोग्राफी म्हणतात. 1993 मध्ये हे तंत्र मांडलं गेलं आणि जिथं प्रोब पोचत नाही तिथं त्याला तोड नाही: कमरेच्या आत, ओटीपोटात, नितंबाच्या खोल भागात, मानेच्या हाडांजवळ, गळपट्टीच्या हाडामागे. पण ‘एमआरआय केला’ आणि ‘न्यूरोग्राफी केली’ यात फार अंतर आहे. खांद्याचा नेहमीचा एमआरआय सांध्यासाठी असतो. त्यात जाड काप घेतात आणि नस एखाद-दुसऱ्या कापात ओझरती दिसते. न्यूरोग्राफीत काप पातळ घेतात, चरबीचा उजेड दाबून टाकतात, म्हणजे पाणी धरलेली सुजलेली नस काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. हे करायला मशीनवर जास्त वेळ लागतो आणि आधी सांगावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांनी फॉर्मवर नुसतं ‘एमआरआय आर्म’ लिहिलं, तर तंत्रज्ञ हाडाचाच एमआरआय करून देतो आणि रिपोर्टमध्ये नसेचा उल्लेखही येत नाही. असे रिपोर्ट माझ्याकडे नेहमी येतात. फॉर्मवर नसेचं नाव, मार लागल्याची तारीख आणि कुठला स्नायू चालत नाही एवढं तरी लिहून घ्याच.

एमआरआयचा आणखी एक उपयोग कमी लोकांना ठाऊक असतो: तो नसेपेक्षा स्नायूवरून जास्त बोलतो. ज्या स्नायूची नस तुटली तो पहिल्या दोन आठवड्यांतच चरबीचा उजेड दाबलेल्या चित्रात पांढरा होऊ लागतो, ईएमजीत सुईची खूण दिसायच्या आधीच. पुढे काही महिन्यांनी चरबी भरली की साध्या चित्रातही तो पांढरा दिसतो. म्हणजे कुठल्या नसेच्या ताब्यातले कुठले स्नायू गेलेत याचा नकाशा मिळतो, आणि कुठला स्नायू अजून वाचवण्यासारखा आहे तेही कळतं. सुईला घाबरणाऱ्या लहान मुलांत हे फार कामी येतं.

पण तुमच्या भावाच्या हातात प्लेट आहे. दंडातली प्लेट आहे म्हणून एमआरआय करणं धोक्याचं असं सहसा नसतं, प्रश्न चित्राचा आहे. धातूभोवती चित्र काळं पडतं, वाकडंतिकडं होतं. स्टीलची असेल तर जास्त, टायटॅनियमची असेल तर कमी. आणि इथं लोकांची एक समजूत उलटी पडते: जास्त ताकदीच्या 3 टेस्लाच्या मशीनवर हा बिघाड 1.5 टेस्लापेक्षा वाढतो. प्लेट असलेल्याला ‘सगळ्यात मोठं मशीन’ शोधत पुण्या-बेंगळुरूला पाठवलं, तर चित्र इथल्यापेक्षा वाईट येऊ शकतं. धातूचा बिघाड कमी करणाऱ्या पद्धती आता आहेत, पण प्लेटला चिकटून जाणारी रेडियल नस त्यातही नीट दिसेलच असं नाही.

रिपोर्टमध्ये नस ‘पांढरी दिसतेय’ एवढ्यावरूनही घाबरू नका. चुंबकाच्या दिशेशी नसेचा कोन साधारण 55 अंशांचा झाला की निरोगी नसही काही चित्रांत उजळ दिसते. मानेतून काखेकडे वळणाऱ्या नसांत हे नेहमी होतं. जाडी वाढलीय का, ठिपके हरवलेत का, स्नायू बदललाय का, याची जोड असेल तरच त्या उजेडाला अर्थ. आणि नसेतले धागे रंगीत रेघांत दाखवणारी जी चित्रं मिळतात, डिफ्यूजन टेन्सर म्हणतात ती, ती दिसायला देखणी असतात, पण अजून मुख्यतः अभ्यासासाठीच आहेत. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर माझ्या मते देऊ नका.

भावाचा मार दंडात आहे म्हणून मी एमआरआयला नको म्हटलं. हाच अपघात मानेवर-खांद्यावर बसला असता तर उत्तर उलटं दिलं असतं. गळीत हंगामात रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि तरुण पोरं त्यांच्यावर जाऊन आदळतात. डोकं एकीकडे, खांदा दुसरीकडे ओढला जातो आणि मानेतून हाताला येणारा नसांचा जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, ताणला जातो. अख्खा हात लुळा पडतो. यात सगळ्यात गंभीर म्हणजे नसेचं मूळ मणक्यातूनच उपटलं जाणं. ते पुन्हा शिवता येत नाही, दुसऱ्या चालू नसेचा वाटा तिकडे वळवावा लागतो. म्हणून मूळ उपटलंय की नस पुढे कुठं तुटलीय हे ऑपरेशनच्या आधी कळायलाच हवं. सोनोग्राफीत मानेतली वरची तीन मुळं, सी-5, सी-6, सी-7, छान दिसतात. खालची दोन खोल असतात, आणि मणक्याच्या आतलं काहीच दिसत नाही. तिथं मानेचा पातळ कापांचा एमआरआय लागतो, किंवा पाठीच्या पाण्यात औषध सोडून केलेलं सीटी मायलोग्राम. मूळ उपटल्याच्या जागी पाण्याची पिशवी तयार होते, ती दोन्हींत दिसते. मायलोग्राम तीन-चार आठवड्यांनी करतात, म्हणजे आतलं रक्त विरलेलं असतं. पिशवी दिसली म्हणजे मूळ उपटलंच असं मात्र शंभर टक्के नाही, आणि पिशवी नाही म्हणजे उपटलं नाही असंही नाही. चित्रात मुळाचे धागेच एकेक करून मोजावे लागतात.

इथं ईएमजी एक विलक्षण गोष्ट सांगते. हात पूर्ण बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही, आणि तरी संवेदनेची तपासणी नॉर्मल येते. घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. खरं तर ही फार वाईट बातमी असते: मूळ मणक्याजवळ उपटलंय, पण संवेदनेच्या पेशींची गाठ त्याच्या पुढे असल्यामुळे हातातले धागे जिवंत राहिलेत. चित्र आणि वीज एकत्र वाचायचे ते यासाठी. अशा रुग्णाचा साधा छातीचा एक्स-रेही बघावा. त्या बाजूचा श्वासपटल वर चढलेला असेल तर श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नसही गेलीय, म्हणजे मार खूप वर, मुळाशी बसलाय. त्याच बाजूची पापणी थोडी खाली आणि बाहुली बारीक असेल तर सगळ्यात खालचं मूळ, टी-1, उपटल्याची शंका घ्यायची. या मुलांना तीन महिन्यांच्या आत प्लेक्ससचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे पोचवा, सहा महिन्यांच्या पुढे तर नकोच नको.

उघड्या जखमेचं गणित वेगळं. ऊसतोडीत कोयता मनगटावर लागला, किंवा काचेनं हात कापला, आणि बोटं बधिर झाली किंवा हलेनात, तर तपासण्यांत दिवस घालवू नका. धारदार शस्त्राची जखम आणि नस बंद, तर ती कापलेलीच आहे असं धरून तीन दिवसांच्या आत सर्जननी उघडून शिवावी. चेंगरून, फाटून झालेली जखम असेल तर साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे तोवर नसेचा मेलेला भाग कुठं संपतो ते कळतं. बंद मार, भावासारखा, तर तीन महिने बघायचं. सर्जन हा तीन-तीन-तीनचा नियम पाठच करतात. पहिल्या जखमेत वरची कातडी शिवून घरी पाठवलं आणि टाके निघाल्यावर अंगठा हलेना, असं झालं असेल तर मात्र लगेच सोनोग्राफी करा.

नितंबात इंजेक्शन घेतलं आणि पाऊल पडलं, म्हणजे वर उचलेना, अशी लहान मुलं खेड्यांतून येतात. तिथं सायटिक नस खोल असली तरी मुलांत सोनोग्राफीत बहुधा दिसते, मोठ्या माणसात न्यूरोग्राफी लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मार बसून पाऊल पडलं तर सोनोग्राफीच पहिली. आणि अपघात काहीच नाही, तरी कोपराजवळची नस जाड झालीय, करंगळी बधिर आहे, त्वचेवर फिकट चट्टा आहे, तर कुष्ठरोगाचा विचार आधी करायचा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर हात वाचतो.

तर ताई, सोनोग्राफीला येण्याआधी दोन गोष्टी शोधून ठेवा. मनगट अपघातानंतर लगेच पडलं होतं, की ऑपरेशननंतर पडलं? अपघाताच्या रात्री तो बोटं उचलत होता का, हे सोबत असलेल्या मित्रांना नीट आठवून सांगायला सांगा. दुसरं, ऑपरेशनची नोट मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनमध्ये काय दिसलं ते लिहिलेला कागद. चांगले सर्जन त्यात लिहितात की नस पाहिली, ती शाबूत होती, आणि प्लेटच्या कितव्या भोकावरून ती ओलांडते. तो कागद तुमचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका. मनगट आधीपासून पडलेलं होतं आणि सर्जननी नस शाबूत पाहिली असेल तर माझी अर्धी काळजी मिटते. ऑपरेशननंतर पडलं असेल, किंवा नोटमध्ये नसेचा शब्दच नसेल, तर सोनोग्राफी एक दिवसही पुढे ढकलू नका.

घरी एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. भावाला टेबलापाशी बसवा, हात टेबलावर, अंगठा आढ्याकडे. मनगट तुम्ही धरा आणि त्याला कोपर वाकवायला सांगा, तुम्ही खाली दाबा. कोपराच्या पुढे, हाताच्या बाहेरच्या कडेला, एक स्नायू टम्म उभा राहतो का बघा. चांगल्या हातावर आधी करून पाहा, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. हा ब्रेकिओरेडियालिस, परत येताना नस आधी यालाच भेटते. मनगट उठायच्या कितीतरी आधी हा जागा होतो. तसंच मार लागलेल्या जागेपासून खाली बोटानं हलकं टकटक करत जा. जिथं अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या गेल्याचं तो सांगेल तिथं पेनानं खूण करा आणि तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी ही खूण खाली सरकत असेल तर नस चालतेय. एकाच जागी अडून बसली असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

सोनोग्राफीत नस सलग आणि ठिपके शाबूत असतील तर अपघातापासून चार महिन्यांपर्यंत थांबा. तीनच्या नियमापेक्षा महिनाभर जास्त, कारण नस सलग दिसलीय आणि सुरुवातीचे काही आठवडे ती जागची हलत नाही. मध्ये एकदा ईएमजी, कारण स्नायू डोळ्याला हलायच्या काही आठवडे आधी ईएमजीत नव्या धाग्यांची चाहूल लागते. चार महिन्यांनीही काहीच नसेल तर नसेचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. नस तुटलेली, दबलेली किंवा हाडात अडकलेली निघाली तर चार महिन्यांची वाट बघू नका, रिपोर्ट हातात आल्याच्या आठवड्यातच जा. रिपोर्टमध्ये नसेचं नाव, कोपराच्या हाडापासून किती सेंटीमीटरवर बिघाड, सलग की तुटलेली, टोकांमधलं अंतर, प्लेटशी संबंध आणि दुसऱ्या हाताशी तुलना, एवढं आहे ना ते निघण्याआधी तिथंच तपासा. नसेल तर नम्रपणे लिहून मागा. चित्रांची सीडीही घ्या. सर्जनला नुसता कागद पुरत नाही.

आणि नस परत येवो न येवो, मनगटाला आधार देणारा स्प्लिंट आजपासून लावा. रोज दोन-तीनदा दुसऱ्या हातानं बोटं आणि मनगट पूर्ण सरळ करा. तेल लावून जोरात चोळणं, हाडं बसवणाऱ्याकडे घट्ट पट्ट्या बांधणं, हे काहीही नको. सांधे आखडले तर नस परत येऊनही हात उघडणार नाही. आणि समजा रेडियल नस नाहीच आली, तरी या नसेच्या बाबतीत आणखी एक रस्ता उरतो: हाताच्या पुढच्या बाजूचे चालू स्नायू मनगट आणि बोटांच्या कंडरांना जोडून देणं, टेंडन ट्रान्स्फर. त्याचे निकाल चांगले असतात आणि माणूस परत कामाला लागतो. त्यासाठीही सांधे मोकळेच हवेत.